एका विरजणाची एकोणीस मशिनं

अप्पाराव सुत्रावे चालायचे हळू, बोलायचे त्याहून हळू, आणि कॉम्प्युटरचं झाकण उघडायचे ते तर आजारी माणसाच्या अंगातला सदरा उतरवावा तसं. निघालेला स्क्रू ते टेबलावर टाकत नसत. पितळेच्या वाटीत, ज्या क्रमानं निघाला त्याच क्रमानं, गोल मांडून ठेवत. आळीतली माणसं म्हणायची, अप्पारावांना घाई शिकवायला जाणारा स्वतःच सावकाश होऊन परत येतो.

म्हैसूरच्या अग्रहारात, फुलांच्या दुकानांवरच्या एका माडीत त्यांचं घर होतं. पुढची खोली कामाची, मागच्या दोन राहण्याच्या. खाली शेवंतीच्या माळा हाताच्या मापानं मोजून विकल्या जात आणि त्यांचा वास जिन्यानं वर येऊन मशिनांच्या गरम वासात मिसळे. घरात मराठी चाले, पण तिच्यात कन्नड इतकं मुरलेलं की पुण्याकडून आलेला पाहुणा दर तिसऱ्या वाक्याला अडखळे. अप्पारावांना त्याची खंत नव्हती. तीनशे वर्षं एका गावात राहिल्यावर गावाची भाषा अंगाला लागणारच, असं ते म्हणत.

सुत्राव्यांचं घराणं रंगाऱ्याचं. कधीकाळी हे लोक कापड रंगवत, छापत दक्षिणेत उतरले आणि इथल्या पाण्याला रंग चांगला धरतो म्हणून थांबले. अप्पारावांच्या आजोबांच्या परसात निळीचे तीन रांजण जमिनीत पुरलेले होते. नीळ जिवंत असते, तिला आंबवावं लागतं, ऊब द्यावी लागते, रोज सकाळी हुंगून तिची तब्येत बघावी लागते. नवा रांजण भरायचा तर तो नुसत्या पाण्यावर कधी उभा करत नसत. मूळ रांजणातला तांब्याभर आंबलेला रंग आधी त्यात ओतायचा, दुधाला विरजण लावावं तसा. मग त्या तांब्याच्या जिवावर नवा रांजण जागा होई. मूळ रांजण कुणी कधी पुरता उपसला नाही. काही नवीन औषध घालायचं, चुना बदलायचा, गूळ बदलायचा, तर तोही आधी मूळ रांजणात, आणि मग तिथून सगळ्यांकडे. अशी रीत होती.

पुढं पुडीचे रंग आले आणि रांजण मेले. अप्पारावांनी जिवंत रांजण पाहिला नाही. त्यांनी पाहिले ते मातीनं बुजलेले तीन गोल खड्डे, आणि त्यांच्याभोवती बसून वडिलांनी सांगितलेल्या गोष्टी. वडील छापखान्यात कंपोझिटर झाले होते. खिळे जुळवून कन्नड लग्नपत्रिका, श्राद्धपत्रिका आणि देवळांच्या पावत्या छापायचे. दहावीनंतर अप्पारावही त्याच छापखान्यात लागले. उलटं अक्षर वाचायला शिकले, प्रूफ तपासायला शिकले. ओळीवर लोखंडी पट्टी ठेवून एकेक अक्षर बोटानं चाचपत जायचं, अर्थाकडे बघायचं नाही. अर्थाकडे बघितलं की चूक निसटते.

छापखान्यात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्यावर बसवलं अप्पारावांना, कारण त्यांचे हात स्वच्छ असत. शिकवणारं कोणी नव्हतं. इंग्रजीचा एक जाडा शब्दकोश मांडीवर घेऊन त्यांनी ती पेटी ओळखीची करून घेतली. एकदा कुणाच्या तरी फ्लॉपीतून व्हायरस आला आणि ऐन वैशाखात बावीस लग्नपत्रिका पुसून गेला. मालक रडवेले झाले. त्या वर्षाच्या अखेरीस अप्पारावांना एका मासिकासोबत लिनक्सची तबकडी मिळाली. ती त्यांनी एका भंगारातल्या मशीनवर चढवली. चढायला अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी पडद्यावर पांढऱ्या अक्षरात त्यांचं नाव उमटलं आणि पुढं एक लुकलुकती रेघ, काय आज्ञा आहे असं विचारत उभी राहिली. त्या रेघेसमोर ते बराच वेळ काही न लिहिता बसून होते.

छापखाना बंद पडल्यावर तोच त्यांचा धंदा झाला. लोक टाकून दिलेले कॉम्प्युटर आणून देत. अप्पाराव ते पुसून, तेल-पाणी करून, त्यात लिनक्स घालून परत देत. होता होता एकोणीस ठिकाणी त्यांची मशिनं बसली. अग्रहारातली विश्वेश यांची रक्त तपासायची लॅब, एक वाचनालय, बन्नीमंटपच्या मैदानाजवळचा टायपिंगचा क्लास, दोन होमिओपॅथीचे दवाखाने, भावसारांचं समाजमंदिर, आणि सगळ्यांत दूरची म्हणजे नंजनगूडची एक मुलींची शाळा.

वाचनालयात पेपर वाचायला येणाऱ्यांना ते कधीकधी समजावून सांगत. व्हायरस म्हणजे बांडगूळ. त्याला झाड लागतं. एखाद्या प्रोग्रॅमच्या फाइलवर रुजतो, तो प्रोग्रॅम चालवला की दुसऱ्या फांदीवर जातो. वर्मला झाड लागत नाही. तो आपल्या पायानं या मशीनवरून त्या मशीनवर हिंडतो, कुणाचं दार उघडं आहे ते चाचपत. आणि ट्रोजन म्हणजे बहुरूपी. पोस्टमन होऊन येतो, आणि दार आपण स्वतःच उघडतो. आता लिनक्स हे जुन्या युनिक्सच्या कुळातलं. त्या कुळाची रीत अशी, की घरात ज्याला त्याला आपली खोली. दुसऱ्याच्या खोलीत हात घालायचा नाही. सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या फक्त घरच्या कर्त्याकडे. त्याला रूट म्हणतात, आणि हा कर्ता एरवी झोपलेला असतो. बांडगूळ आलंच तर एका फांदीवर राहतं, खोडाला शिवत नाही.

हे सगळं खरं होतं. पण सांगता सांगता वाक्य आखूड होत गेलं. पहिल्या वर्षी ते म्हणत, सांभाळून वागलं तर लिनक्सला सहसा रोग होत नाही. पाचेक वर्षांत त्यातलं 'सहसा' गळलं. दहाव्या वर्षापर्यंत 'सांभाळून वागलं तर' हेही गळलं. मग ते एवढंच म्हणू लागले, "माझ्या मशीनला रोग होत नाही." आणि माणसांनी ते मानलं, कारण वीस वर्षांत खरोखरच झाला नव्हता.

त्यांची काम करायची पद्धत आजोबांचीच होती. पुढच्या खोलीत खिडकीखाली एक करडं मशीन असे, त्याला ते मूळ म्हणत. कुठलंही नवं मशीन कोऱ्या तबकडीवरून ते कधी उभं करत नसत. मूळ मशीनची जशीच्या तशी नक्कल त्यात ओतत. काही नवं घालायचं तर आधी मूळमध्ये, मग तिथून एकोणीस ठिकाणी. त्यामुळे सगळी मशिनं एकसारखी, एका वळणाची. घरी बसून त्यांत शिरता यावं म्हणून त्यांनी एक किल्ली करून ठेवली होती. किल्ली म्हणजे अक्षरांचं एक लांबलचक भेंडोळं. ते ज्याच्याकडे असेल त्याला पासवर्ड न विचारता कर्ता म्हणून आत घ्यायचं. नकलेबरोबर ही किल्लीही प्रत्येक मशीनमध्ये गेली, आणि एकोणीस घरांचे पत्तेही गेले. अप्पारावांना यात काही वावगं वाटलं नाही. एकाच रांजणाचं विरजण सगळीकडे असणार, आणि असायलाच हवं.

श्रावणात विश्वेश यांनी लॅबसाठी एक जुना प्रिंटर आणला. रक्ताच्या नळ्यांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या असतात, त्या छापणारा. लिनक्सला तो ओळखू येईना. अप्पारावांनी तो घरी आणून चार दिवस खटपट केली. पाचव्या दिवशी इंटरनेटवर कुणा अनोळखी माणसानं लिहिलेला उपाय सापडला. एकच ओळ होती. ती उचलून पडद्यावर ठेवायची आणि रूटचा पासवर्ड द्यायचा, म्हणजे बाकीचं आपोआप उतरतं आणि बसतं. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर अप्पारावांनी सांगितलं असतं, अनोळख्यासाठी कर्त्याला झोपेतून उठवू नये. पण लॅबमध्ये सकाळी उपाशीपोटी म्हातारी माणसं रांगेत उभी राहत आणि चिठ्ठ्या हातानं लिहिल्या जात. रीतीप्रमाणे त्यांनी ती ओळ आधी मूळ मशीनवर चालवली. प्रिंटर चालू झाला. सुरेख चालला. अक्षर ठसठशीत, कागद सरळ. मग ते त्यांनी तिथून सगळीकडे ओतलं, कुणाला कधी गरज पडली तर असावं म्हणून.

दसरा झाला. बन्नीमंटपला मशालींच्या संचलनासाठी बांधलेले बाकांचे मांडव उतरवत होते, त्या दिवसांत विश्वेश यांचा फोन आला. मशीनचा पंखा घोंगावतोय, रिपोर्ट निघायला अर्धा तास लागतोय. अप्पारावांनी जाऊन पाहिलं. चालू कामांची यादी काढली, तर यादीत वावगं काही नव्हतं. त्यांनी पंखा बदलला. तीन दिवसांनी पुन्हा तेच. तेव्हा त्यांनी सगळं पुसून मूळची नवी नक्कल ओतली. त्यानं दोन दिवस निभावले. मग त्यांनी विजेला दोष दिला.

त्यांच्या खोलीतलं मूळ मशीनही दिवसभर घुमू लागलं होतं. भानुमतीबाई दारात उभ्या राहून डाळ निवडत होत्या. नवऱ्याच्या बढाया तीस वर्षं ऐकलेली ती बाई.

"तुमच्या मशिनास्नी ताप येत नाही म्हनता," त्या म्हणाल्या. "मग हे सुम्ने, उगीच फणफणलंय व्हय?"

"हवा गरम आहे," अप्पाराव म्हणाले.

बाहेर कार्तिकातला गार वारा सुटला होता. बाईंनी खिडकीकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि सूप घेऊन आत गेल्या.

त्याच आठवड्यात नंजनगूडहून सीतालक्ष्मी यांचा फोन आला. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका. अप्पाराव त्यांना मान देत आणि त्या अप्पारावांना. त्यांनी सांगितलं की इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीनं शाळेला कडक पत्र धाडलंय. शाळेच्या जोडणीवरून दिवसरात्र परक्या कॉम्प्युटरांची दारं ठोठावली जातात, पासवर्ड ओळखून बघितले जातात. हे थांबलं नाही तर पोलिसांत कळवू. जोडणी तोडलेलीच आहे. त्यांनी कन्नडात एवढंच विचारलं, हा व्हायरस असू शकतो का?

अप्पारावांनी नेहमीचं उत्तर दिलं. माझ्या मशीनला रोग होत नाही.

"मग हे माणसानं केलेलं," सीतालक्ष्मी म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

शाळेत कॉम्प्युटरच्या खोलीची चावी एकाच माणसाकडे होती. देवश्री. पंचविशीची तात्पुरती शिक्षिका, म्हैसूरहून रोज सकाळच्या रेल्वेनं जाणारी, मुलींना या विषयाची गोडी लावलेली. तिच्याकडून चावी काढून घेतली गेली. तिला लेखी खुलासा मागितला गेला. तिनं लिहिलं की मला यातलं काही माहीत नाही. त्यावर शाळेच्या समितीनं म्हटलं, मशीन बिघडू शकत नाही असं जाणकार सांगतो, मग उरतं कोण? सोमवारी बैठक होती. तीत तिला काढून टाकायचं जवळजवळ ठरलं होतं, आणि अशा कारणानं काढलेल्या शिक्षिकेला दुसरी शाळा उभी करत नाही. हे अप्पारावांना कळलं ते शाळेच्या शिपायाकडून, बसस्टँडवर सहज भेटला तेव्हा. घरी येऊन त्यांनी ते भानुमतीबाईंना सांगितलं आणि नीट जेवले नाहीत.

शुक्रवारी कर्नाटक राज्योत्सवाची सुट्टी. चौकात लाल-पिवळा झेंडा लागला होता, लाऊडस्पीकरवर गाणी चालली होती. त्यांची पुतणी दिवाळीच्या फराळाला आली. नाव नव्या. ती एका मोठ्या कंपनीत मशिनांच्या सुरक्षेचं काम बघायची. लहानपणी याच खोलीत, काकांच्या मांडीवर बसून तिनं पहिली आज्ञा टाइप केली होती. तिचं मराठी तोकडं होतं, पण कान तीक्ष्ण होता. चकली तोंडात असतानाच तिनं विचारलं, "काका, हा फॅन कायम असाच?"

अप्पारावांनी पंख्याचं, विजेचं, हवेचं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग उठून आधी नेटची वायर उपसली.

"मशीनला विचारून उपयोग नाही," ती म्हणाली. "ते खोटं सांगत असेल तर?"

तिनं पर्समधून एक पेन ड्राइव्ह काढला. त्यात तिचं स्वतःचं स्वच्छ लिनक्स होतं. आधी तिनं मूळ मशीनकडूनच त्याच्या पोटातल्या फाइलींची यादी मागून घेतली. मग मशीन बंद करून आपल्या पेन ड्राइव्हवरून चालू केलं आणि त्याच जागेची यादी बाहेरून काढली. दोन्ही याद्या कागदावर छापल्या. त्या ताडून बघायला ती स्वतःच बसणार होती. अप्पारावांनी हात पुढं केला.

त्यांनी लोखंडी पट्टी आणली. चष्मा पुसला. पहिला कागद डावीकडे, दुसरा उजवीकडे, आणि एकेक ओळ, एकेक अक्षर, अर्थाकडे न बघता. खाली गाण्यावर गाणं सरत होतं. नव्यानं मध्येच काही बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी डावा हात वर केला. दुसऱ्या पानाच्या मध्यावर पट्टी थांबली. उजव्या कागदावर एक ओळ जास्त होती. थोडं खाली आणखी एक. मशीननं सांगताना या दोन ओळी गिळल्या होत्या. शेजारी तारीख होती. श्रावणातली, प्रिंटर चालू झाला त्या दिवसाची.

नव्यानं त्या दोन फाइली उघडून वाचल्या. एक पडदा होता. कुणी कामांची किंवा फाइलींची यादी मागितली की स्वतःला आणि आपल्या सोबत्याला वगळून उरलेली दाखवणारा. म्हणून अप्पारावांना कधी काही दिसलं नाही. दुसरा कामकरी. तो दूरच्या कुणासाठी दिवसभर आकडेमोड करत राही, ज्यातून त्या माणसाची इंटरनेटवरची, बिटकॉइनसारखी नाणी घडत. त्यातून सवड काढून बाहेरच्या मशिनांची दारं ठोठावी. आणि जिथं उतरेल तिथली किल्ली उचलून, पत्ते वाचून, पुढच्या घरी जाई.

"ट्रोजन म्हणून आत आला, वर्म होऊन फिरला," नव्या म्हणाली. "आणि काका, फिरायला त्याला काहीच करावं लागलं नाही. किल्ली त्याच पेटीत, पत्ते त्याच पेटीत. तुम्ही लॅबचं मशीन पुसलंत, पण परत हेच ओतलंत."

"लिनक्सला होत नाही," अप्पाराव म्हणाले. म्हणाले खरे, पण आवाज त्यांनाच परका वाटला.

"होत नाही असं नाही. व्हायला घरच्या कर्त्यानं हो म्हणावं लागतं." तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. "ते तुम्ही म्हणालात."

मग तिनं काय करायचं ते सांगितलं. रूट एकदा दुसऱ्याच्या हातात गेलं की त्या मशीनच्या कुठल्याच शब्दावर विसंबता येत नाही. झाडून काढून भागत नाही. सगळं पुसायचं, कोऱ्या तबकडीपासून उभं करायचं, प्रत्येक घराची किल्ली वेगळी. आणि मशीनवर जे बसतात त्या सगळ्यांनी आपले पासवर्ड बदलायचे, कारण ते वाचले गेले असतील.

"सांगावं लागेल सगळ्यांना," ती म्हणाली. "म्हणजे का, तेही सांगावं लागेल. अल्लवा?"

ती गेल्यावर अप्पाराव खिडकीपाशी बसून राहिले. वायर जमिनीवर पडली होती. ती पुन्हा जोडली की शाळा सोडून बाकीच्या अठरा घरांत इथूनच शिरता येणार होतं. त्या दोन फाइली हातानं उपटून टाकायच्या. पंखे शांत होतील. विश्वेश यांना वाटेल, वीज सुधारली. शाळेची जोडणी परत आली की तिथलंही गुपचूप साफ करता येईल, आणि समितीला वाटेल, चावी काढून घेतली म्हणून ठोठावणं थांबलं. नव्या सांगते ते पुढं सावकाश, एकेक करून करता येईल. कुणाला काही कळणार नाही. वीस वर्षांचा शब्द जागच्या जागी राहील.

भानुमतीबाईंनी कॉफी आणून ठेवली. त्या जायला वळल्या आणि थांबल्या.

"ती नंजनगूडची पोर," त्या म्हणाल्या, "तिचं सोमवारीच हाय न्हवं?"

अप्पारावांनी मान हलवली. कॉफी पिऊन झाल्यावर त्यांनी खाली वाकून वायर उचलली, तिचं वेटोळं केलं आणि कपाटात ठेवून दिलं.

शनिवारी ते लॅबमध्ये गेले आणि विश्वेश यांना खरं सांगितलं. विश्वेश जुन्या म्हैसूर फौजेतल्या घराण्यातले, ताठ. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "पंखा चांगला होता तर मग?" अप्पाराव हो म्हणाले. विश्वेश म्हणाले, मशीन पुसून द्या, पुढचं मी दुसऱ्याकडून करून घेईन. रविवारपर्यंत अकरा ठिकाणं झाली. वाचनालयातल्यांनी थट्टा केली, वैद्याच्याच घरी खोकला म्हणून. समाजमंदिरात एकानं विचारलं की हे सगळं आम्हाला सांगायची काय गरज होती, आम्हाला तर पंख्याचा आवाजही येत नव्हता. टायपिंगच्या क्लासच्या मालकांना काही समजलं नाही, पण त्यांनी पासवर्ड बदलला. अप्पारावांनी प्रत्येक ठिकाणी तीच चार वाक्यं सांगितली, त्याच क्रमानं. दर वेळी ती सांगायला तेवढीच जड गेली.

सोमवारी त्यांनी नंजनगूडची बस धरली. वाटेत रसबाळे केळीच्या बागा गेल्या, कारखान्यांची धुराडी गेली, मग कपिलेवरचा पूल आला. नदी संथ होती. देवळाचं गोपुर दिसल्यावर बसमधल्या बायकांनी हात जोडले. अप्पारावांनी जोडले नाहीत. त्यांचे हात मांडीवरच्या पिशवीवर होते, आणि पिशवीत नव्यानं दिलेली कोरी तबकडी होती.

समिती मुख्याध्यापिकांच्या खोलीत बसली होती. सीतालक्ष्मी, तीन सदस्य, आणि अध्यक्षांच्या खुर्चीवर एक निवृत्त तहसीलदार. देवश्री दाराबाहेरच्या बाकावर होती. तिनं अप्पारावांना येताना पाहिलं आणि मान वळवली. ती काय समजून बसली होती ते उघड होतं. आपल्याविरुद्ध जाणकाराची साक्ष द्यायला हे आलेत.

अप्पारावांनी दार पुरतं उघडं ठेवलं, तिला ऐकू जावं म्हणून, आणि उभ्यानंच कन्नडात बोलले. मी आपल्याला सांगितलं की माझ्या मशीनला रोग होत नाही. ते चूक होतं. श्रावणात मी एका अनोळखी माणसाचा प्रोग्रॅम न वाचता माझ्या घरच्या मशीनवर चालवला, आणि तिथून तो स्वतःच्या हातानं तुमच्या मशीनमध्ये घातला. दारं ठोठावत होता तो. यात शाळेतल्या कुणाचा हात नाही.

मग तहसीलदार म्हणाले, हे लिहून द्याल? अप्पारावांनी कागद मागून घेतला. कंपोझिटरचं अक्षर, एकेक खिळा बसवावा तसं. लिहायला त्यांना पाव तास लागला आणि तेवढा वेळ सगळे थांबले. शेवटी त्यांनी सही केली, खाली तारीख घातली आणि एकदा पट्टीशिवायच, बोटानं, सगळं वाचून पाहिलं.

देवश्रीवरचा ठपका काढला गेला. मशीन शाळेतच ठेवावं असं ठरलं, पण यापुढं त्याची किल्ली बाहेरच्या कुणाकडे राहणार नाही; ती देवश्रीकडे राहील. सीतालक्ष्मींनी हे सांगताना अप्पारावांकडे पाहिलं. पूर्वी त्या त्यांना निरोप द्यायला फाटकापर्यंत येत. त्या दिवशी खुर्चीतून उठल्या नाहीत.

कॉम्प्युटरच्या खोलीत देवश्री आणि अप्पाराव दोघंच गेले. तिनं आभार मानले नाहीत. खिडक्या उघडत ती म्हणाली, "दोन आठवडे मुली मला गुड मॉर्निंग म्हणत नव्हत्या, सर."

"सरि," अप्पाराव म्हणाले, कन्नडात 'बरं' म्हणावं तसं.

त्यांनी तबकडी घातली. तिला दाखवत, थांबत, ती वहीत लिहून घेईपर्यंत वाट बघत त्यांनी मशीन पुसलं आणि शून्यापासून उभं करायला घेतलं. कशाचीही नक्कल नाही. दुपारची घंटा झाली, मुली पटांगणात डबे घेऊन बसल्या, उठल्या, परत वर्गात गेल्या. देवश्रीनं मध्ये दोनदा प्रश्न विचारले. दुसरा प्रश्न इतका नेमका होता की अप्पारावांना उत्तराआधी विचार करावा लागला.

शेवटी पडद्यावर मशीननं नवा रूट पासवर्ड मागितला. अप्पाराव सवयीनं कळफलकाकडे सरकले, आणि थांबले. खुर्ची मागं घेऊन ते उठले. देवश्री त्यांच्या जागी बसली. ती टाइप करीना. त्यांच्याकडे बघत नुसती बसली.

अप्पारावांच्या लक्षात आलं. ते वळले आणि भिंतीकडे तोंड करून, हात मागं बांधून उभे राहिले. भिंतीवर मुलींनी काढलेला कर्नाटकाचा नकाशा होता. तिला घाई नव्हती. कळांचा आवाज आला, थांबला, पुन्हा पहिल्यापासून आला. अप्पाराव नकाशातल्या नद्या बघत उभे राहिले, ती वळा म्हणेपर्यंत.